ऑल-इन-वन घ्यावा की असेंबल्ड डेस्कटॉप? घरून हिशेबाचं काम करणाऱ्या ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. ताई चिपळूणला राहतात आणि घरून आठ-दहा दुकानदारांचं टॅलीचं, जीएसटीचं काम बघतात. घरातला डेस्कटॉप २०१६ चा. त्यावर विंडोज ११ चढत नाही. मुलगा बारावीत आहे, शिमग्याच्या पालख्यांचे व्हिडिओ काढतो आणि एडिटिंग शिकायचं म्हणतो. बजेट साठ-पासष्ट हजार. शोरूममध्ये दाखवलेला २४ इंची ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या मागेच सगळा कॉम्प्युटर असलेलं मशीन, यजमानांना पसंत पडलाय. भाचा म्हणतो, सुटे भाग जोडून असेंबल करून घ्या, पुढे वाढवता येईल. कुणाचं ऐकायचं?

ताई, भाच्याचं ऐका. फक्त तो सांगतो त्या कारणासाठी नको.

"पुढे वाढवता येईल" हे ऐकून मोठा कॅबिनेट घेतलेली बरीच गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. त्यातली बहुतेक पाच वर्षांत एकदा रॅम वाढवायला येतात, एकदा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण, टाकून घेतात आणि तिथेच थांबतात. ही दोन कामं पुष्कळशा ऑल-इन-वनमध्येही होतात. म्हणजे नुसत्या वाढवण्याच्या हिशेबानं बघितलं तर भाच्याचा मुद्दा तसा लंगडाच आहे. कॉम्प्युटर वाढवायची वेळ क्वचित येते, दुरुस्तीची वेळ मात्र येतेच. म्हणून घेताना विचारायचं ते एवढंच, की यातली एक वस्तू गेली तर ती आपल्याबरोबर आणखी काय काय घेऊन जाणार?

कॅबिनेटवाल्या मशीनमध्ये एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला तर एसएमपीएस बदलतात. मॉनिटर गेला तर शेजारच्यांचा आणून संध्याकाळपर्यंत रिटर्न भरता येतं. ऑल-इन-वनमध्ये मदरबोर्ड गेला की चांगली स्क्रीनही बसून राहते आणि स्क्रीन गेली की चांगला मदरबोर्ड. त्याचा बोर्ड त्या मॉडेलपुरताच बनवलेला असतो. तो बाजारात सुटा मिळत नाही, कंपनीकडूनच येतो. वॉरंटी संपल्यावर त्या बोर्डाची किंमत ऐकून अर्धी गिऱ्हाइकं नवीन मशीनच बघायला लागतात. दर महिन्याला रिटर्नच्या ११ आणि २० तारखेला तुमची काय धावपळ असते ते मला सांगायला नको. १८ तारखेला मशीन सर्व्हिस सेंटरला गेलं आणि "पार्ट यायला आठवडा लागेल" असं ऐकायला मिळालं, तर त्या आठवड्याचं तुम्ही काय करणार?

आत काय असतं तेही सांगतो. ऑल-इन-वन म्हणजे मोठ्या स्क्रीनमागे उभा केलेला लॅपटॉप. हे माझंच मत आहे असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आयातीवर निर्बंध जाहीर केले तेव्हा लॅपटॉप आणि टॅबलेटच्या रांगेत ऑल-इन-वनचंही नाव होतं, साधा डेस्कटॉप मात्र त्यातून बाहेर होता. बहुतेक ऑल-इन-वनमध्ये प्रोसेसर लॅपटॉपचा असतो आणि तो बोर्डावर कायमचा डकवलेला असतो. रॅमही लॅपटॉपची, आखूड पट्टीची. वीज येते ती बाहेरच्या अडॅप्टरमधून.

यात वाईट काही नाही. पण शोरूमच्या पाटीवर नुसतं "आय ५" लिहिलेलं असतं आणि तिथेच गफलत होते. आय५-१३३५यू हा इंटेलचा लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर. त्याची मूळ आखणी १५ वॅटची, मोठे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे गाभे, दोन आणि छोटे आठ. डेस्कटॉपचा आय५-१२४०० नावानं एक पिढी जुना वाटतो, पण त्याचे सहाही कोअर मोठे आहेत आणि आखणी ६५ वॅटची आहे. टॅलीला दोन्ही पुरतात. मुलानं तासाभराचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की मात्र फरक दिसतो. पातळ मशीन तापतं, मग वेग कमी करतं, आणि पंखा ओरडत राहतो.

इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीचं कोडं तर आणखी मजेशीर आहे. रायझन ५ ७५२०यू हे नाव वाचून सातव्या मालिकेचा ताजा माल वाटतो. पण त्या आकड्यात तिसरा अंक बघायचा असतो. तिथे २ आहे, म्हणजे आतला गाभा झेन २ चा, २०१९ साली बाजारात आलेल्या पिढीचा. शिवाय हा प्रोसेसर एलपीडीडीआर५ रॅमच घेतो आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. ८ जीबीचं मॉडेल घेतलं तर ते मरेपर्यंत ८ जीबीच राहणार. तुम्हाला दाखवलेल्या मशीनचं पूर्ण मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. या जातीचा प्रोसेसर असेल तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही, नको म्हणून सांगा.

ऑल-इन-वनच घ्यायचा ठरलं, तर दुकानातच काही गोष्टी विचारून घ्या. रॅमचे स्लॉट किती, त्यातला रिकामा किती, की सोल्डर आहे? एसएसडी एम.२ ची, म्हणजे बोर्डावर थेट बसणारी, आहे का, आणि दुसरी बसवायला जागा आहे का? मागचं झाकण स्क्रूनं उघडतं की क्लिपांवर अडकवलेलं आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एचडीएमआय इनपुट आहे का? मागे एचडीएमआयचं भोक दिसलं म्हणून खूश होऊ नका. बहुतेक ठिकाणी ते आउटपुट असतं, दुसरा मॉनिटर जोडण्यासाठी. इनपुट असेल तर उद्या आतला कॉम्प्युटर मेला तरी स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरता येते. ही सोय असलेली मॉडेल्स थोडी आहेत, पण आहेत.

अॅपलचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. जुन्या आयमॅकची स्क्रीन दुसऱ्या मॅकला मॉनिटर म्हणून जोडता यायची. २०१४ च्या अखेरीस ५के स्क्रीनचा आयमॅक आला तेव्हापासून ती सोय गेली. आता ऑक्टोबर २०२४ चे भारतातले भाव बघा. एम४ आयमॅक १,३४,९०० रुपयांपासून, आणि तोच एम४ प्रोसेसर असलेला मॅक मिनी ५९,९०० पासून. दोन्हींत नंतर रॅम वाढवता येत नाही. तरीही मिनीवाल्याचा मॉनिटर त्याचा स्वतःचा राहतो. आयमॅकची स्क्रीन अप्रतिम आहे, वादच नाही, पण ती कॉम्प्युटरबरोबरच म्हातारी होते. चांगला मॉनिटर आरामात दोन कॉम्प्युटर पाहतो.

मग ऑल-इन-वन कुणी घ्यावा? दवाखान्याचा रिसेप्शन, लहानसं ऑफिस, जिथे टेबल गिऱ्हाइकाच्या समोर असतं आणि वायरींचा गुंता दिसून चालत नाही. आईवडिलांसाठी, ज्यांना नातवंडांशी व्हिडिओ कॉल करायचाय आणि बँकेचं पासबुक बघायचंय. कॅमेरा, माइक, स्पीकर सगळं आत, एकच वायर भिंतीत. ज्यांच्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे आणि ज्यांनी तीन वर्षांची घरपोच वॉरंटी विकत घेतली आहे, त्यांनाही मी कधी अडवत नाही. यजमानांची आवड चुकीची नाही. फक्त हे मशीन तुमच्या पोटापाण्याचं आहे आणि तुम्ही चिपळूणला आहात.

कोकणाचा हिशेब वेगळा असतो. पावसाळ्यात चार महिने हवेत ओल. मशीन आठ-पंधरा दिवस बंद राहिलं की रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो आणि सुरू केल्यावर नुसतीच बीप वाजते. यावर अख्ख्या महाराष्ट्रातला उपाय एकच. कॅबिनेट उघडायचा, रॅम काढायची, खोडरबरानं हलकेच पुसायची आणि परत बसवायची. पाच मिनिटांचं काम आहे, तुमचा मुलगा एकदा बघून करेल. ऑल-इन-वनमध्ये त्यासाठी स्क्रीन पालथी घालून मागचं झाकण उचकटायला लागतं. क्लिप तुटली की झाकण फुगलेलं राहतं, आणि हात जरा जड पडला तर पॅनलला चीर. कॅबिनेटमध्ये पाली शिरतात, मुंग्या घर करतात, हे खरं. मागच्या बाजूच्या न वापरलेल्या स्लॉटच्या पट्ट्या लावून घ्या, दुकानदार त्या बेफिकिरीनं उघड्या टाकतात. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. जुलै २०२१ चा पूर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

विजेचंही बघू. इथे ऑल-इन-वनची बाजू वरचढ आहे, ते मान्य केलं पाहिजे. स्क्रीनसकट चाळीस-साठ वॅटमध्ये भागतं. साधा ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे साधारण ३६० वॅटचा, त्याला बराच वेळ धरतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून रोजच्या कामात ऐंशी-शंभर वॅट धरा. फरक पन्नास वॅटचा धरला आणि दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस काम, तर महिन्याला दहा युनिट जास्त. एवढ्यासाठी निर्णय फिरवावा असं मला वाटत नाही. यूपीएस तोच चालेल, फक्त बॅकअप कमी मिळेल. लाईट गेल्यावर टॅली सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढा पुरतो. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढा. नेटच्या केबलीतून येणारा झटका लोक विसरतात.

आता भाच्याला चार शब्द, कारण असेंबल्डच्या नावाखालीही फसवणूक कमी होत नाही.

पहिली गोष्ट एसएमपीएस. "कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस फ्री" असं कुणी म्हणालं तर तो सात-आठशे रुपयांचा डबा असतो. त्यावर छापलेले वॅट तो कधीच देत नाही आणि मरताना बोर्डाला घेऊन मरतो. मशीनमध्ये कुठेही काटकसर करा, इथे नको. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा, ५५० वॅटचा घ्या. त्यावर पाच वर्षांची वॉरंटी मिळते, आणि पुढे मुलासाठी कार्ड टाकलं तरी तोच चालतो.

दुसरी गोष्ट, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल, जसं १२४००एफ, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. तो हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो म्हणून दुकानदार पुढे करतो आणि चित्र दिसावं म्हणून जुनाट जीटी ७१० कार्ड खुपसून देतो. नको. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडण्याची वेगळी यंत्रणा असते, ती मुलाला सुरुवातीच्या एडिटिंगला त्या कार्डापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट, मोठ्या कंपनीचा तयार टॉवर. भाचा कदाचित मधला मार्ग म्हणून तोच सुचवेल. वॉरंटी चांगली, विंडोज आणि बहुतेक वेळा ऑफिसही सोबत. पण टॉवर आहे म्हणजे वाढवता येतो असं नाही. कित्येक मॉडेलमध्ये एसएमपीएस १८०-२०० वॅटचा, त्याचा प्लग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा, बोर्डाचे स्क्रूही वेगळ्या जागी. बाजारातला साधा एसएमपीएस त्याला लागत नाही, त्याचा बोर्ड दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. असा टॉवर म्हणजे जागा खाणारा ऑल-इन-वनच. घ्यायचाच असेल तर मायक्रो-एटीएक्स, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या ठरलेल्या मापाचा, बोर्ड आणि २४ पिनांचा नेहमीचा एसएमपीएस आहे का, एवढं उघडून दाखवायला सांगा. एटीएक्सची मापं इंटेलनं १९९५ मध्ये ठरवून दिली. अजूनही कोणत्याही गावच्या दुकानात त्या मापाचा माल मिळतो, आणि असेंबल्ड मशीनची खरी ताकद तीच.

तुमच्यासाठी मी काय जोडलं असतं? आय५-१२४०० आणि बी७६० चा मायक्रो-एटीएक्स बोर्ड. एच६१० हा बोर्डाचा प्रकार स्वस्त आहे, पण त्यात रॅमचे स्लॉट दोनच, आणि एम.२ ची जागा बहुधा एक. बोर्ड चार स्लॉटचा बघा. रॅम १६ जीबी, शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्या, म्हणजे अंगच्या ग्राफिक्सला वेग मिळतो आणि दोन स्लॉट रिकामे राहतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, म्हणून आज ३२ चा हट्ट धरू नका. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, एम.२ च्या जागेत बसणारी. २४ इंची आयपीएस मॉनिटर, स्टँडची उंची बदलता येणारा मिळाला तर उत्तमच. दिवसभर मान खाली घालून आकडे बघणाऱ्या माणसाला त्याचं मोल कळतं. बहुतेक ऑल-इन-वनची स्क्रीन फक्त मागे-पुढे कलते, वर-खाली होत नाही. ग्राफिक्स कार्ड आज नाही.

भाचा म्हणेल, इंटेलचं हे एलजीए १७०० सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची बैठक, संपत आलंय, एएमडीचं एएम५ घ्या. बरोबर आहे त्याचं. १७०० वर बारावी ते चौदावी पिढी चालते, पुढची नाही. एएम५ वर २०२७ आणि त्यापुढेही प्रोसेसर आणू, असं एएमडीनं जाहीर केलंय. त्यातला रायझन ५ ८५००जी तुमच्या कामाला चांगला आहे. पण एएम५ ला डीडीआर५, म्हणजे डीडीआर४ च्या पुढच्या पिढीची, रॅमच लागते. १७०० ला डीडीआर४ चा आणि डीडीआर५ चा, दोन्ही तऱ्हेचे बोर्ड मिळतात. दोन्हीचं कोटेशन घ्या आणि फरक तीन-चार हजारांच्या आत असेल तर एएम५. त्याहून जास्त असेल तर ते पैसे मॉनिटरला घाला. टॅलीला सॉकेट कळत नाही.

आता मुलाचं. कार्ड आज नको म्हणतो, याचं कारण पैसा नाही, तो बारावीत आहे हे आहे. पुढच्या वर्षी तो पुण्याला, मुंबईला गेला तर त्याला लॅपटॉप लागेलच, आणि डेस्कटॉपमधलं महागडं कार्ड तुमच्या जीएसटी पोर्टलकडे बघत बसेल. चिपळूणलाच राहिला आणि दाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर मनापासून शिकायला लागला, तर तेव्हा कार्ड टाकू. आरटीएक्स ४०६० च्या जातीचं कार्ड ११५ वॅट घेतं, ५५० वॅटच्या एसएमपीएसला ते जड नाही. फक्त तेव्हा यूपीएस १००० व्हीएच्या पुढचा लागेल. कॅबिनेटवाल्या मशीनमध्ये हा निर्णय वर्षभर लांबवता येतो, तोही फुकट. ऑल-इन-वनमध्ये तो तुम्हाला आजच, दुकानातच घ्यावा लागतो.

यजमानांचं मन राखायचं असेल तर आणखी एक वाट आहे. लिटरभर आकाराचा मिनी पीसी येतो, मॉनिटरच्या पाठीवर १०० बाय १०० मिलिमीटरच्या चार भोकांत तो बसवता येतो. समोरून बघणाऱ्याला ऑल-इन-वनच वाटतो. रॅम आणि एसएसडी बदलता येते, मॉनिटर वेगळा राहतो. मोठ्या कंपन्यांचे ऑफिसातून आलेले जुने मिनीही मिळतात, इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा असेल तर विंडोज ११ नीट चालतं. ग्राफिक्स कार्ड मात्र त्यात कधीच बसणार नाही. मुलाचं लॅपटॉपचं पक्कं ठरलेलं असतं, तर मी तुम्हाला हाच सुचवला असता.

एक खर्च भाच्यानं बहुधा धरलेला नसेल. ब्रँडेड ऑल-इन-वनमध्ये विंडोज आलेलं असतं, असेंबल्डमध्ये ते विकत घ्यावं लागतं. होम आवृत्तीला दहा हजारांच्या आसपास पडतात. "पाचशेत टाकून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा. तुमच्याकडे दुसऱ्यांचे हिशेब आहेत, डिजिटल सहीचं टोकन आहे. त्या मशीनवर चोरीचं विंडोज नको. तुलना करताना हे दहा हजार धरूनच करा, नाहीतर ऑल-इन-वनवर अन्याय होतो.

बिल जीएसटीचं घ्या. त्यावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर असं वेगवेगळं लिहून प्रत्येकाचा सिरियल नंबर टाकून घ्या. असेंबल्डला एकत्र वॉरंटी नसते, ज्याची त्याची असते, आणि "कॉम्प्युटर सेट १ नग" असं लिहिलेल्या बिलावर तीन वर्षांनी कुणी उभं करत नाही. बोर्डाचा आणि एसएमपीएसचा खोका माळ्यावर टाका. वॉरंटीला पाठवताना तोच कामाला येतो.

राहिला तुमचा २०१६ चा डेस्कटॉप. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यावर आता कामाचं काही ठेवू नका. पण मॉनिटर चांगला असेल तर तो टाकू नका. नव्या बोर्डावर व्हीजीएचं भोक असलेलं मॉडेल निवडलं तर जुना मॉनिटर थेट जोडता येईल, नसेल तर तीन-चारशेचा कन्व्हर्टर मिळतो. एका स्क्रीनवर टॅली, दुसऱ्यावर पोर्टल. जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घाला आणि रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप तिच्यावर घ्या. मात्र त्या डिस्कचंही वय झालंय, म्हणून आठवड्याला एकदा तोच बॅकअप एका नव्या पेनड्राइव्हवरही.